असीरगडाच्या पायथ्याशी खड्डे, आणि आपल्या रस्त्याखालची माती

यावल : २०२५ च्या मार्च महिन्यात बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या असीरगड गावाजवळच्या शेतांत रात्रीची माणसं उतरली होती. हातात टॉर्च, खुरपी, चाळण्या, काहींकडे तर मेटल डिटेक्टरही. माती उकरायची, चाळायची, उजेडात धरून बघायची. मोगलांच्या काळातली सोन्याची नाणी सापडताहेत अशी बोलवा उठली होती. व्हिडिओ देशभर फिरले, आपल्याही मोबाइलवर आले. प्रशासनाला आणि पोलिसांना तिथं जावं लागलं. गर्दी हटली, खड्डे मागे राहिले.

बऱ्याच जणांनी ते व्हिडिओ बघून हसून सोडून दिले. पण हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एक तर असीरगड आपल्यापासून लांब नाही. यावलहून फैजपूर, सावदा, रावेर करत बऱ्हाणपूर गाठायचं आणि तिथून पुढे वीसेक किलोमीटर. सगळं मिळून नव्वदच्या आसपास किलोमीटरचा रस्ता. राज्याची हद्द मध्ये येते म्हणून तो परका वाटतो एवढंच, नाहीतर डोंगर आपल्याच सातपुड्याचा आणि इतिहास आपल्याच खान्देशाचा. दुसरं असं की तिथं जे घडलं ते उद्या आपल्या तालुक्यात घडू शकतं. ते कसं, हे पुढे येईलच.

बोलवा उठली कुठून?

१४ फेब्रुवारी २०२५ ला 'छावा' सिनेमा आला. छत्रपती संभाजी महाराजांनी बऱ्हाणपूरवर घातलेला छापा त्यात सुरुवातीलाच दाखवला आहे. बऱ्हाणपूर म्हणजे मोगलांचं श्रीमंत शहर, खजिन्याचं ठिकाण, हे लाखो लोकांच्या डोक्यात एकदम बसलं. त्याच सुमारास इंदूर-इच्छापूर महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम असीरगडाजवळून चाललं होतं. रस्त्यासाठी खणलेली माती जवळच्या शेतात टाकली गेली, आणि त्या मातीत मजुरांना जुनी नाणी मिळाली असं लोक सांगू लागले. सिनेमा आणि माती यांची गाठ पडली, आणि लोक रात्री निघाले.

आता जरा हिशोब करू. संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरवर छापा घातला तो १६८१ च्या जानेवारीअखेरीस. लुटलं गेलं ते मुख्यतः शहराच्या तटाबाहेरचं बहादूरपुरा हे पेठेचं उपनगर आणि त्याच्या आसपासच्या पेठा. तिथून मिळालेला माल मराठे घेऊन गेले. छापा घालणारा माणूस लूट शेतात पुरून परत जात नाही. आणि छापा पडला बऱ्हाणपुरात, खड्डे पडले वीस किलोमीटर पलीकडे. सिनेमाचा आणि त्या शेताचा संबंध इतकाच की दोन्हीकडे 'बऱ्हाणपूर' हे नाव आहे.

मग नाणी सापडलीच नसतील का? सापडली असतील तर त्यात नवल नाही. बऱ्हाणपुरात मोगलांची टांकसाळ होती. दख्खनच्या मोगल कारभाराचं ते मोठं ठाणं. शाहजहान इथे राहिला, मुमताज महल १६३१ साली इथेच वारली. उत्तरेतून दख्खनेत उतरणारी फौज, बंजाऱ्यांचे तांडे, व्यापारी, फकीर, सगळे असीरगडाखालच्या वाटेने यायचे. शेकडो वर्षं ज्या वाटेवर मुक्काम पडले तिथे कुणाची तरी थैली सांडली असेल, कुणी तरी घाईत काही पुरलं असेल. त्याला खजिना म्हणत नाहीत. आपल्याकडे जुन्या पांढरीत नांगराला खापरं लागतात, कधी एखादं तांब्याचं नाणं लागतं, तसाच हा प्रकार.

तो डोंगर कशासाठी होता

असीरगडावर ज्यांनी एकदा पाऊल ठेवलं आहे त्यांना हे जास्त सांगावं लागत नाही. गड समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच, भोवती जंगल. तीन टप्प्यांत तटबंदी आहे : खाली मलयगड, मध्ये कमरगड आणि सगळ्यांत वर असीरगड. वर जायला दोन वाटा. पूर्वेकडून पायऱ्यांची, आणि उत्तरेकडून वाहनाची, ती जरा अवघड. वर पाण्याची तळी, गुप्तेश्वर महादेवाचं मंदिर, फारुकी काळातली जामा मशीद. मशिदीचे दोन मिनार खालच्या रस्त्यावरूनही ओळखू येतात. इंग्रजांच्या काळातल्या इमारतींचे अवशेष आणि कबरीही आहेत. अश्वत्थामा रोज पहाटे महादेवाला फूल वाहायला येतो ही कथा तर यूट्यूबवाल्यांनी इतकी चावली आहे की गडावर जाणारी निम्मी पोरं त्याच्यासाठीच जातात. जाऊ देत, श्रद्धेचा भाग आहे.

पण खरी बघायची गोष्ट बुरुजावर उभं राहिल्यावर दिसते. दक्षिणेला तापीचं खोरं, बऱ्हाणपूर आणि पुढे आपला सपाट खान्देश. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आणि नर्मदेकडे उतरणारा मुलूख. आणि या दोन्हींच्या मध्ये डोंगरातली ती मोकळी जागा, जिथून रस्ता जातो. सातपुडा म्हणजे शंभर कोस लांब कुंपण समजा, तर हे त्याचं फाटक. फाटकाशेजारच्या उंच जागी जो बसला त्याला येणारा-जाणारा दिसतो. पाच हजारांची फौज येत असेल तर तिची धूळ आधी दिसते. म्हणून या गडाला दख्खनचा दरवाजा, दख्खनची किल्ली म्हणत. टेहळणीचा मनोरा बांधतात तो दहा-वीस हात उंच. इथे अख्खा डोंगरच मनोरा होता.

आजही फाटक तेच आहे. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी रेल्वे याच मोकळ्या जागेतून जाते. मुंबईकडून आलेली ही लाइन १८७० मध्ये जबलपूरला कोलकात्याकडच्या लाइनला जोडली गेली. इंग्रज इंजिनिअरांनी नवीन वाट शोधली नाही, बैलगाड्यांचीच वाट धरली. आपली रावेर-सावद्याची केळी दिल्लीकडे रेल्वेने जाते तीही याच वाटेने.

या जागेपायी केवढी झुंज झाली ते थोडक्यात सांगतो, कारण शाळेच्या पुस्तकात खान्देशाला दोन ओळीही मिळत नाहीत. गडाचं नाव आसा अहिर नावाच्या गवळी सरदारावरून पडलं असं जुने बखरकार सांगतात. चौदाशेच्या सुमारास नासिर खान फारुकीने तो कपटाने घेतला : डोल्यांतून बायका-मुलं पाठवतो असं सांगितलं आणि आतून शिपाई निघाले. फारुकींनी पुढे दोनशे वर्षं इथून खान्देश राखला. बऱ्हाणपूर त्यांनीच वसवलं.

मग अकबर आला. १६०० साली वेढा पडला तो १६०१ च्या जानेवारीपर्यंत चालला. तोफांनी गड पडला नाही. आत रोगराई पसरली होती. बहादूर खान फारुकी बोलणी करायला खाली उतरला तो परत वर गेलाच नाही, आणि आतल्या माणसांना पैसे चारले गेले अशी हकीकत आहे. अकबराने खान्देशाचं नाव बदलून 'दानदेश' केलं, आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून. फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर जो शिलालेख आहे त्यात हा पराक्रम कोरलेला आहे, आणि त्यात आधी खान्देश म्हणत असलेला दानदेश असा उल्लेख आहे. आग्र्याला सहलीला जाणारी आपली मंडळी त्या दरवाजाखाली फोटो काढतात. आपल्याच मुलुखाचं नाव डोक्यावर कोरलेलं आहे हे कुणी सांगत नाही.

पुढे गड मराठ्यांकडे, शिंद्यांकडे आला. १८०३ च्या ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सनने तो घेतला, वर्षाअखेरीस सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांना परत मिळाला. १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव पेशवा याच परिसरात जॉन माल्कमला शरण आला. पेशवाई संपली असं आपण म्हणतो, तिचा शेवटचा मुक्काम पुण्यात नव्हता, इथे असीरगडाच्या आसपास होता. आणि १८१९ मध्ये इंग्रजांनी गडाला वेढा घातला तेव्हा किल्लेदार जसवंतराव लाड यांनी तो तीन आठवडे लढवला. ९ एप्रिल १८१९ ला गड पडला. मराठ्यांच्या लढाईतला जवळपास शेवटचा वेढा म्हणावा असा हा. रायगडावर, प्रतापगडावर दरवर्षी कार्यक्रम होतात. असीरगडावर जसवंतरावांच्या नावाचा दिवस पाळायला हरकत नाही, पण गड मध्य प्रदेशात, आठवण मराठ्यांची, त्यामुळे दोन्हीकडून राहून गेलं.

एका मुद्रेची गोष्ट

आता त्या नाण्यांकडे परत येऊ. 'सापडलं तर सापडलं, मातीत कुजण्यापेक्षा गरिबाच्या घरी गेलं तर काय बिघडलं?' असं बोलणारे पुष्कळ आहेत. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असीरगडाच्याच एका वस्तूत आहे.

इतिहासाच्या अभ्यासकांमध्ये 'असीरगडची मुद्रा' प्रसिद्ध आहे. मौखरी घराण्यातल्या शर्ववर्मन राजाची ही तांब्याची मुद्रा, सहाव्या शतकातली. तिच्यावर या घराण्याची वंशावळ आहे, म्हणून ती फार मोलाची. मौखरींचं राज्य होतं उत्तरेत, कनौजच्या बाजूला. मग त्यांची मुद्रा सातपुड्यात कशी? काही अभ्यासक म्हणाले की मौखरींचं राज्य इथपर्यंत पोहोचलं होतं. बाकीचे म्हणाले, मुद्रा ही हातात मावणारी वस्तू, कुणीही कुठूनही आणू शकतो. हा वाद मिटला नाही, आणि मिटणारही नाही. कारण ती मुद्रा जमिनीतून निघताना कुणी पाहिली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शिंद्यांच्या सामानाच्या एका पेटीत मिळाली. पेटीत कुठून आली, कुठल्या मातीतून निघाली, तिच्यासोबत काय होतं, काहीच कळायला मार्ग नाही. एवढी मोठी वस्तू, पण खान्देशाच्या बाबतीत तिची साक्ष अर्धीच राहिली.

नाण्याचंही असंच असतं. मोगल नाण्यावर राजाचं नाव, टांकसाळीचं नाव, बहुतेक वेळा सालही असतं. तसली नाणी संग्रहालयांत भरपूर आहेत. नवीन माहिती नाण्यात नसते, ते कुठे आणि कशाशेजारी पडलं होतं त्यात असते. चुलीच्या राखेशेजारी पडलं असेल तर तिथे वस्ती होती. घोड्याच्या नालांशेजारी असेल तर फौजेचा तळ. मडक्यात शंभर एकत्र असतील तर कुणीतरी भीतीने पुरून पळाला, आणि परत आला नाही. शेतकऱ्याला हे सांगायला नको. केळीच्या बागेत एक खोड वाकलं तर आपण नुसतं खोड बघत नाही, शेजारची माती, पाणी, वाऱ्याची दिशा बघतो. खोड उपटून तहसीलसमोर नेऊन ठेवलं तर पंचनामा कशाचा करणार?

असीरगडच्या त्या शेतात तर गोष्ट आणखी बिघडलेली होती. माती मुळात दुसरीकडून आणून टाकलेली. म्हणजे नाणी असलीच तर त्यांची मूळ जागा आधीच जेसीबीने मोडली होती. लोकांनी रात्री जे केलं ते शेवटचं, पहिलं नुकसान दिवसाढवळ्या रस्त्याच्या कामात झालं. दोष द्यायचा तर फक्त खुरपीवाल्याला देऊन भागत नाही. रस्ता ज्या भागातून जातो तो किती जुना आहे हे नकाशावर दिसत असताना मातीवर नजर ठेवायला कुणी नव्हतं, हा मोठा प्रश्न आहे. तो बातम्यांत फारसा आला नाही. टॉर्च घेतलेली माणसं दाखवायला सोपी असतात.

सापडलं तर काय करायचं

कायद्याची भीती दाखवतात सगळे, पण कायद्यात शेतकऱ्याच्या फायद्याचं काय आहे ते कुणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे १८७८ चा गुप्तधन कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर ज्याला सापडली त्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. दहा रुपये ही रक्कम जुनी आहे, म्हणजे आज जवळजवळ प्रत्येक वस्तू त्यात बसते. कळवलं नाही आणि लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय आपला वाटाही सरकारजमा.

आता दुसरी बाजू. रीतसर कळवलं, चौकशी झाली, कुणी खरा मालक पुढे आला नाही आणि वस्तू बेवारस ठरली, तर वाटणीची तरतूद आहे. जमीनमालक आणि सापडणारा यांच्यात वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला. सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर तिची किंमत आणि वर किमतीचा एक पंचमांश द्यावा लागतो. म्हणजे कायदा 'सगळं सरकारचं' असं म्हणत नाही. मधे कागद फिरतात, वेळ लागतो, हे खरं. पण ज्या सराफाकडे रात्री गुपचूप नाणं विकलं जातं तो काय भाव देतो? तो धातूचा भाव देतो, तोही कापून. वर शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. म्हणजे विकणाराही अडकतो आणि घेणाराही.

संरक्षित स्मारकाच्या हद्दीत खणणं तर थेट गुन्हा. असीरगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीची अट, असा २०१० पासूनचा नियम आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गुप्तधनाच्या नावाने गावोगाव फिरणारे भामटे आपल्या भागाला नवीन नाहीत. 'तुमच्या घराखाली हंडा आहे, पूजा करावी लागेल' इथून सुरुवात होते आणि शेत गहाण पडल्यावर तो माणूस फोन बंद करतो. कधी याहून भयंकर गोष्टी होतात. गुप्तधनाच्या शोधासाठी अघोरी कृत्य करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. पुरातत्त्ववाला माणूस उजेडात येतो, खणताना मोजपट्टी लावतो आणि वही भरतो. रात्री बोलावतो, नारळ-लिंबू आणायला सांगतो आणि कुणाला बोलू नको म्हणतो, तो कोण ते ओळखायला अवघड नाही.

आपल्या दारातले बुरूज

असीरगडाला निदान खात्याची पाटी आहे. यावलच्या किल्ल्याचं काय? शिंद्यांनी यावल निंबाळकरांना दिलं, म्हणून गावात तो निंबाळकरांचा किल्ला. म्हणजे एकेकाळी असीरगड आणि यावल एकाच शिंदेशाहीच्या छत्राखाली होते. डोंगरातलं फाटक राखायला तिकडचा गड, आणि खालच्या रस्त्यावरचा वसूल, बाजार सांभाळायला इकडचा कोट. नदीकाठच्या त्या बुरुजांवर आज झुडपं उगवली आहेत. गावातल्या पोरांना असीरगडचा अश्वत्थामा माहीत आहे, पण आपल्या बुरुजावरून पहारेकरी काय बघत होता हे माहीत नाही.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आनंदाची गोष्ट, अभिमानाची गोष्ट. त्यात जळगाव-धुळ्यातला एकही नाही. आपल्याला जवळचा म्हणजे बागलाणातला साल्हेर. यादीत गेलेल्या किल्ल्यांना निधी, रस्ते, पाट्या मिळतील. त्याच वर्षी जानेवारीत राज्य सरकारने किल्ल्यांवरची अतिक्रमणं काढायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या आणि ३१ मेपर्यंतची मुदत दिली. चांगलं झालं. पण समित्यांचं लक्ष आधी जातं ते संरक्षित यादीतल्या किल्ल्यांकडे. गावोगावच्या गढ्या, टेकडीवरचे चौकीचे चौथरे, सातपुड्याच्या पायथ्याचे पडके बुरूज हे बहुतेक कुठल्याच यादीत नाहीत. त्यांचा दगड घराच्या पायाला गेला, माती शेतात गेली. कुणी चोरी केली असंही म्हणता येत नाही, कारण त्याला कुणी मालकच नव्हता.

इथे सरकारची वाट बघत बसण्यात अर्थ नाही असं माझं मत. ग्रामपंचायतीने एक साधं काम करावं : गावच्या हद्दीतल्या जुन्या वास्तू, बुरूज, बारवा, वीरगळ यांची नोंद ग्रामसभेच्या ठरावात घ्यावी, गट नंबर आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोंसह. खर्च शून्य. उद्या कुणी म्हणालं 'इथे काही नव्हतंच', तर दाखवायला कागद राहतो. वनहद्दीत असेल तर वनखात्याच्या परिमंडळ कार्यालयात एक प्रत द्यायची. यावल अभयारण्य १९६९ पासून आहे, त्यातल्या झाडा-प्राण्यांची मोजणी होते, बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात. डोंगरातल्या जुन्या वाटा आणि चौक्या मात्र मोजणीत येत नाहीत. त्या माहीत असतात पाड्यावरच्या म्हाताऱ्या पावरा-तडवी मंडळींना. ती माणसं आहेत तोवर विचारून घ्यायला हवं.

असीरगडला जायचं असेल तर जरूर जा. पावसाळा सरताना, सप्टेंबरच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत हवा स्वच्छ असते, लांबचं दिसतं. उन्हाळ्यात दगड तापतात आणि धुरकट हवेत खोरं दिसत नाही. सकाळी लवकर निघून आधी गड करावा, उतरून बऱ्हाणपूर. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे, तो पोरांना दाखवावा. आणि खान-ए-खानानच्या काळातला जमिनीखालून पाणी आणणारा कुंडी भंडाराही. पाण्याचा टँकर मोजणाऱ्या गावकऱ्याला त्याचं जास्त कौतुक वाटेल. गडावर जंगलात एकटंदुकटं भटकू नये आणि अंधाराच्या आत खाली उतरावं.

पुढचा खड्डा आपल्याकडे

आता सुरुवातीला सोडलेला मुद्दा. आपला बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता म्हणजे काय आहे? सुरत बंदरातून बऱ्हाणपूरला जाणारी मोगल काळातली मोठी वाट याच तापीकाठच्या पट्ट्यातून जात होती. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो सुरतेला उतरला आणि नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बऱ्हाणपूरला शहजादा परवेझला भेटायला गेला. त्याच्या मागे-पुढे किती तांडे गेले असतील त्याची गणतीच नाही. मीठ, कापड, नीळ, चांदी, सगळं या वाटेने. जागोजागी सराया, विहिरी, मुक्काम. असीरगडाखालच्या वाटेइतकीच ही जुनी.

या रस्त्याच्या चौपदरीकरणाची चर्चा कित्येक दिवस चालू आहे. जमिनीचा मोबदला, वळणरस्ता कुठून, कुणाची बाग जाणार, यावर बैठका होतात, व्हायलाच हव्यात. ज्याची बाग जाते त्याच्यासाठी तोच पहिला प्रश्न आहे. पण काम सुरू होईल तेव्हा माती निघेल, डंपर भरतील आणि ती कुणाच्या तरी शेतात, खाणीत, भरावात जाऊन पडेल. तेव्हा ठेकेदाराच्या करारात दोन अटी असायला हव्यात. जुन्या वस्तीच्या, गढीच्या, सरायच्या खुणा असलेल्या तुकड्यात खणण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या माणसाने पाहणी करावी, आणि काही सापडलं तर तेवढ्या जागेचं काम थांबवून तहसीलदारांना कळवावं. सापडल्याचं कळवणाऱ्या मजुराची मजुरी त्या दिवशी कापली जाऊ नये, हेही लिहून घ्यावं. नाहीतर कोण कळवणार?

(हे वाचून कुणी आजच रस्त्याकडेला कुदळ घेऊन जाऊ नये. रस्त्याच्या भरावात सापडतील ती गुटख्याची पाकिटं.)

या अटी घालून घ्यायची वेळ काम सुरू होण्याआधीची असते. जेसीबी उभा राहिल्यावर ठेकेदार कुणाचं ऐकत नाही. मोबदल्याच्या बैठकीला जे सरपंच, शेतकरी आणि लोकप्रतिनिधी जातात त्यांनी आपल्या निवेदनात हा एक परिच्छेद जोडावा आणि त्याची पोच घेऊन ठेवावी.